५४ व्या वर्षी पेन्शन सुरू करावी की थांबावं?

कोपरखैरण्याहून एका वाचकाने लिहिलंय. १९९८ पासून रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर होते, मार्चअखेर कंपनीला टाळं लागलं. वय ५४. पीएफमध्ये १९ लाख आहेत, घरावर कर्ज नाही, मुलगी शेवटच्या वर्षाला, पत्नी ४९ वर्षांच्या, घरून डबे देतात. ५८ व्या वर्षी ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन ४,२०० रुपयांच्या आसपास बसते. महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये कंत्राटदाराकडे काम मिळेलसं दिसतंय. पण मित्र मागे लागलेत : ‘सरकार सगळीकडे कात्री लावतंय, पीएफ ऑफिसात विचारायला माणूस उरणार नाही, नियमही बदलतील. आत्ताच पेन्शनचा १०-डी फॉर्म भरून मोकळा हो.’

दादा, नमस्कार. तुमच्या मित्रांची भीती अगदीच हवेतली नाही. २००८ मध्ये पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी घ्यायची सोय गेली. २०१४ मध्ये शेवटच्या १२ महिन्यांच्या पगाराऐवजी ६० महिन्यांची सरासरी धरायला लागले. पण त्याच २०१४ मध्ये, ज्यावर पेन्शन मोजतात त्या पगाराची मर्यादा ६,५०० वरून १५,००० झाली, किमान पेन्शन १,००० ठरली. ही मर्यादा आणखी वाढवायची चर्चा अधूनमधून होतच असते. उद्या खरंच वाढली, तर फायदा ज्याची वर्गणी चालू आहे त्याला. ज्याने पेन्शन आधीच सुरू केली, त्याला नाही. म्हणजे बदलाच्या भीतीने आज फॉर्म भरायचा, तर चांगल्या बदलालाही दार लावून घ्यावं लागतं.

आता हिशोब. ५८ च्या आधी पेन्शन घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कापतात आणि ती कपात कायमची असते. तुमचे सुमारे १६ टक्के जातील, हातात ३,५३० येतील. ‘आयुष्यभराचं नुकसान’ असं लोक म्हणतात, पण नुसतं आकडे मांडून बघा. चार वर्षं थांबलात तर १ लाख ६९ हजार सोडता, ते कशासाठी, तर महिन्याला ६७० रुपये जास्त मिळावेत म्हणून. ते भरून निघायला २१ वर्षं लागतात, म्हणजे तुमची ऐंशी जवळ येते. शिवाय या पेन्शनवर महागाई भत्ता नाही. तेव्हा नुसतं घरी बसून ५८ ची वाट बघण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. पुढे काम मिळणारच नसेल, तर १०-डी भरायला माझी अजिबात हरकत नाही.

पण तुम्हाला काम मिळतंय आणि तिथे सगळा हिशोब फिरतो. नव्या ठिकाणी पीएफ कापला जाणार असेल, तर मालकाच्या वाट्यातले महिन्याला १,२५० म्हणजे वर्षाला १५,००० पेन्शन खात्यात जातात. त्या एका वर्षाने पेन्शन महिन्याला २१४ रुपयांनी वाढते. १५,००० रुपयांवर वर्षाला अडीच हजारांवर, तेही तहहयात, आणि तुमच्या मागे वहिनींना त्याच्या निम्मे. असा परतावा दुसरीकडे कुठे मिळेल असं मला वाटत नाही. आधी पेन्शन सुरू करून मग नोकरी धरलीत, तर हेच १,२५० पीएफमध्ये वळतात. २०२४-२५ मध्ये पीएफचं व्याज ८.२५ टक्के होतं. चांगलंच आहे, पण पेन्शनची ही वाढ त्यातून येत नाही.

चार वर्षं काम करून ५८ ला पेन्शन घेतलीत तर ती पाच हजारांवर जाते. व्याज बाजूला ठेवलं, तर पीएफमध्ये वळले असते ते १,२५० धरूनही थांबल्याची भरपाई सत्तरी-एकाहत्तरीत होते, ऐंशीत नाही. आणि वहिनींच्या वाट्याला पावणेदोन हजारांऐवजी अडीच हजार येतील. त्या तुमच्याहून पाच वर्षांनी लहान आहेत, म्हणून माझ्या लेखी हा आकडा सर्वांत मोठा.

एक खाचखळगा मात्र नीट बघा. साठ महिन्यांची सरासरी असल्यामुळे नवा पगार कागदावर कमी दाखवला, तर २०१४ नंतरच्या सगळ्या सेवेची पेन्शन खाली येते. कंत्राटदार बरेचदा एकूण १८,००० म्हणतात आणि स्लिपवर बेसिक दाखवतात १२,०००, बाकी भत्ते. तसं झालं तर पाच हजारांऐवजी साडेचारच्या घरातच राहाल. हो म्हणायच्या आधी स्लिपचा नमुना मागा. बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) १५,००० भरतोय का, एवढंच विचारा. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

‘५८ च्या आधी काही बरंवाईट झालं तर पेन्शन बुडते’ असंही कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. तसं नाही. वहिनींची पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते. ६० पर्यंत थांबून दरवर्षी ४ टक्के वाढ घेण्याचा पर्यायही आहे, पण त्याचं तेव्हा बघू.

पीएफ ऑफिसात विचारायला माणूस उरणार नाही, ही काळजी मात्र रास्त आहे, तिचा उपाय वेगळा. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशात कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून मिळते, तो त्रास संपला. अडतं ते कागदावर. ठाण्यातल्या माझ्या एका अशीलाच्या वडिलांचं नाव आधारवर ‘दत्तात्रय’ आणि पीएफमध्ये ‘दत्तु’. कंपनी बंद, सही करायला कोणी नाही. सात महिने तो फाईल घेऊन हिंडला. म्हणून पेन्शन आत्ता घ्या वा नका घेऊ, या महिन्यात पीएफचं पोर्टल उघडा. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकलीय का बघा. नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते. ई-नॉमिनेशन (वारसाची ऑनलाइन नोंद) करा, वहिनींचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून. जुन्या कंपनीचा कोणी अधिकारी अजून फोन उचलत असेल, तर काही सह्या लागतील त्या आत्ताच घेऊन ठेवा.

पीएफच्या १९ लाखांना हात लावू नका. महिन्याचा खर्च नव्या पगारात आणि वहिनींच्या डब्यांच्या उत्पन्नात भागतो का, हे तीन महिने लिहून बघा. जुलैपर्यंत महापेचं काम पक्कं झालं नाही, तर मला पुन्हा लिहा. मग १०-डी आपण सोबत बसून भरू.