वाचक विचारतात: यादी भरताना विंडो गोठते

प्रश्न: पायथॉनच्या टीकिंटरमध्ये (विंडो बनवण्याच्या लायब्ररीत) दुकानातल्या मालाची यादी दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला आहे. सीएसव्ही फाइलमधल्या सुमारे २०,००० ओळी ट्रीव्ह्यूमध्ये (यादी दाखवणाऱ्या तक्त्यात) भरेपर्यंत विंडो गोठते. म्हणून भरण्याचं फंक्शन आफ्टर_आयडलला, म्हणजे ‘मोकळा वेळ मिळाला की चालव’ या सूचनेला, दिलं. आता विंडो पटकन उघडते, पण उघडल्यावर गोठतेच. काय चुकतंय?

उत्तर: आफ्टर_आयडल फक्त काम कधी सुरू करायचं ते ठरवतं. हाताशी दुसरा इव्हेंट (क्लिक, टायमर वगैरे) नसला की मेनलूप, म्हणजे विंडो चालवणारं सततचं चक्र, तुमचं फंक्शन बोलावतो, आणि ते परत येईपर्यंत त्याला माउसचं क्लिकही बघता येत नाही. फंक्शन सगळ्या ओळी एकदम भरत असेल, तर ते केव्हाही सुरू झालं तरी विंडो तेवढाच वेळ अडकणार.

कामाचे तुकडे करा. एका तुकड्यात किती ओळी हे आधी ठरवू नका. कॉलम वाढले किंवा मशीन जुनं असलं की तो आकडा फसतो. वेळेची मर्यादा घाला. फंक्शनच्या सुरुवातीला टाइम.पर्फ_काउंटरची वेळ टिपून ठेवा, नेक्स्टने एकेक ओळ घेऊन भरत जा आणि १० मिलिसेकंद उलटले की थांबा. ओळी उरल्या असतील तर पुढच्या फेरीची नोंद करून बाहेर पडा.

खरी गोम या नोंदीत आहे. फंक्शनने स्वतःला पुन्हा थेट आफ्टर_आयडलमध्ये टाकलं, तर क्लिक चालतात, पण कुठेही अपडेट_आयडलटास्क्स (आयडलची साठलेली कामं उरकणारं फंक्शन) बोलावलं गेलं की ते काम संपेपर्यंत परतत नाही, कारण आयडलची रांग रिकामीच होत नाही. आफ्टरला (ठरावीक वेळाने फंक्शन बोलावणाऱ्या टायमरला) ० मिलिसेकंद देऊन स्वतःला बोलावलं, तर उलटी अडचण: टायमर सतत तयार असतो, आयडलची पाळी येत नाही. टीके (टीकिंटरच्या मागची मूळ लायब्ररी) विजेट, म्हणजे विंडोतले घटक, पुन्हा रंगवण्याचं कामही आयडलमध्येच करतं, त्यामुळे ओळी भरत असूनही पडद्यावर काही हलत नाही. यावर टीसीएलमधली (टीके ज्या भाषेवर चालतं तिच्यातली) रुळलेली रीत म्हणजे दोन्हींची जोडी: आफ्टर_आयडलला फंक्शन म्हणून रूट.आफ्टर (रूट म्हणजे मुख्य विंडो) द्या आणि पुढे ० व तुमच्या फंक्शनचं नाव जोडा. नावापुढे कंस नको. कंस दिला तर फंक्शन तिथल्या तिथे चालतं.

तुकडे केल्यावर आणखी तीन ठिकाणी अडायला होतं. फाइल विथच्या आत उघडली असेल, तर पहिल्या तुकड्यानंतर ती बंद होते आणि पुढच्या फेरीत व्हॅल्यूएरर येतो; फाइल उघडी ठेवा, शेवटची ओळ भरल्यावर बंद करा. फाइल संपली हे ओळखायला नेक्स्टला नन (पायथॉनमधलं ‘काहीच नाही’ हे मूल्य) द्या आणि ‘ओळ नन आहे का’ एवढंच तपासा. नुसतं ‘इफ नॉट’ लिहिलंत, तर मधल्या एखाद्या कोऱ्या ओळीवरच वाचन थांबेल, कारण सीएसव्ही रीडर तिथे रिकामी लिस्ट देतो. आणि वापरणाऱ्याने मध्येच विंडो बंद केली, तर नष्ट झालेल्या ट्रीव्ह्यूवर टीसीएलएरर येतो. त्यासाठी विंडो बंद होताना एक फ्लॅग (हो/नाही खूण) लावा आणि प्रत्येक तुकड्याच्या आरंभी तो बघा.

प्रश्न: हीच यादी पुढे सर्व्हरवरून आणायची आहे. तेही असंच आयडलमध्ये टाकू का?

उत्तर: नको. सर्व्हरची वाट बघणाऱ्या एका कॉलचे तुकडे पडत नाहीत. उत्तर येईपर्यंत मेनलूप अडकतो. ते काम वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यात, करा. थ्रेडने विजेटला हात लावायचा नाही, आलेल्या ओळी क्यू.क्यूमध्ये (पायथॉनच्या तयार रांगेत) टाकायच्या. विंडोच्या बाजूने दर १०० मिलिसेकंदांनी आफ्टरने ती क्यू तपासा. ओळी काढताना गेट_नोवेट (वाट न बघता काढणारं फंक्शन) वापरा, कारण साधं गेट रिकाम्या क्यूपाशी थांबून राहतं आणि विंडो पुन्हा गोठते.