अहिराणी शब्दसूचीचं पायथन पॅकेज जळगावच्या उबुंटूवर चालतं, शिरपूरच्या विंडोजवर पडतं. सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप चाचण्या) कशी लावावी? कॉलेज लॅबमधला रिकामा पीसी रनर (त्या चाचण्या चालवणारा संगणक) म्हणून चालेल का?

पीसीचं आधी सांगतो: नको. रेपो (कोडचा साठा) सार्वजनिक आहे. कुणीही फोर्क (स्वतःची नक्कल) करून पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) पाठवणार आणि त्यातला कोड कॉलेजच्या नेटवर्कमध्ये चालण्याची वाट मोकळी होणार. सार्वजनिक रेपोला गिटहब ॲक्शन्सचे (गिटहबच्या सीआय सेवेचे) साधे रनर फुकटच आहेत.

शिरपूरचा घोळ बहुतेक एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीचा. फाइल उघडताना एन्कोडिंग दिलं नाही, तर पायथन ३.१४ पर्यंत सिस्टिमचं घेतो. विंडोजवर ते बऱ्याचदा सीपी-१२५२ (रोमन लिपीसाठीचं जुनं एन्कोडिंग) असतं. यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांचं एन्कोडिंग) मधल्या हलन्ताचा (जोडाक्षरातल्या ‘्’ चा) शेवटचा बाइट ८डी, आणि सीपी-१२५२ मध्ये ती जागाच रिकामी. म्हणून पहिल्या जोडाक्षरावर एरर येते. ‘झ’, ‘ए’, ‘ऐ’ आणि ऱ्हस्व उकार (‘ु’) यांच्याही शेवटच्या बाइटचं तेच. असं एकही अक्षर नसलेली फाइल मात्र गुपचूप वाचली जाते आणि हाती कचरा येतो. हे जास्त वाईट. म्हणून चाचणीच्या नमुन्यात ‘झ’ आणि एखादं जोडाक्षर मुद्दाम ठेवा, आणि प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ स्पष्ट लिहा.

मॅट्रिक्स (कोणत्या सिस्टिमवर पायथनची कोणती आवृत्ती तपासायची, ती यादी) फुगवू नका. उबुंटूवर सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी आवृत्ती, विंडोज व मॅकवर एकेक, एवढे चार जॉब पुरेत. आवृत्ती अवतरणात लिहा, नाहीतर यामलमध्ये (सीआयच्या सेटिंगच्या फाइलीत) ३.१० चं ३.१ होतं. फेल-फास्ट बंद करा; नाहीतर एक जॉब पडला की बाकीचे रद्द होतात आणि दोष फक्त विंडोजचा की सगळीकडचा, ते कळत नाही. टाइमआउट १० मिनिटं ठेवा, मूळ मर्यादा ६ तासांची आहे.

खरी मेख इन्स्टॉलमध्ये. एडिटेबल इन्स्टॉलवर (जे थेट सोर्स फोल्डरच वापरतं) चाचणी घेतली तर शब्दसूचीची फाइल सोर्स फोल्डरातूनच सापडते, आणि ती व्हीलमध्ये (वाटायच्या तयार पॅकेज-फाइलीत) भरायची राहून गेली तरी सगळं हिरवं दिसतं. व्हील बांधा, कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टाका, सोर्सबाहेरच्या फोल्डरातून चाचण्या चालवा.

डिपेंडन्सीची (तुमचं पॅकेज ज्यावर अवलंबून आहे त्या पॅकेजची) नवी आवृत्ती तुम्ही हात न लावताही पॅकेज मोडू शकते, म्हणून आठवड्यातून एक ठरलेली फेरी ठेवा. क्रॉन (फेरीची वेळ) साधारणपणे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितात: आपले सकाळचे ७:१० म्हणजे १:४०. सार्वजनिक रेपोत ६० दिवस काही हालचाल नसली की ही फेरी आपोआप बंद होते. मग ॲक्शन्सच्या टॅबमधून पुन्हा सुरू करावी लागते.