पीआयडीच्या (प्रतिकारशक्तीतल्या जन्मजात दोषांच्या) अभ्यासात नव्याने आलेल्या सहकारी डॉक्टरला

अगं, ‘घरात कुणाला हा आजार आहे का?’ असं विचारू नकोस; उत्तर ‘नाही’ येणारच. आईला निवांत बसवून विचार, माहेरी एखादा मुलगा तान्हेपणीच गेला का. एक्स गुणसूत्रावरचे दोष आईकडून मुलाला येतात, म्हणून ते अनेकदा मामांकडे सापडतात. बीसीजीची जागा चिघळली का, काखेत गाठ आली का, तेही बघ.

तान्ह्याच्या रिपोर्टात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) २००० आणि लॅबची लाल खूण नाही? ती मोजपट्टी बहुतेक मोठ्यांची. बाळाचे ३०००च्या खाली गेले की एससीआयडीची, म्हणजे पीआयडीच्या सर्वांत गंभीर प्रकारांपैकी एकाची, शंका घ्यायचीच.

डीएचआरचं (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू मारायला सक्षम आहेत का हे बघायची चाचणी; सक्षम पेशी चमकतात) रक्त हेपरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या, नळीत. फ्रीजमध्ये ठेवू नकोस. सोबत निरोगी माणसाचा नमुना, त्याच वेळी काढलेला. मी एकदा तो विसरले. न्यूट्रोफिल चमकले नाहीत, पण दोष पेशींचा की प्रवासाचा, कळेना. बाळाला पुन्हा टोचावं लागलं.