भाव बरा आहे म्हणून औषध मारू नका

प्रश्न : जुन्नर तालुक्यात 30 गुंठे बागायत आहे. वीस गुंठे टोमॅटो, बाकीत भेंडी आणि कोथिंबीर. भाव बरा आहे तोवर इथेफॉन (फळ लवकर पिकवणारे औषध) मारा, सगळा माल एकदम लाल होऊन एका तोड्यात निघेल, असे दुकानदार सांगतो. आडत्याची उचल (मालावर आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर आहे. स्वतः विकायचे म्हटले तर कुठे आणि कसे?

उत्तर : आधी इथेफॉनचे. मारू नका. उभ्या झाडावर मारले की रंग येतो, हे खरे. पण पाने पिवळी पडतात, फुले आणि कोवळी फळे गळतात आणि पुढचे तोडे हातचे जातात. दुकानदाराने सांगितलेले प्रमाण आणि लेबलवरचे प्रमाण यात बहुतेक वेळा फरक असतो, आणि तो कमीकडे कधीच नसतो. शिवाय हाच सल्ला त्याने गावभर दिलेला असतो. मग नारायणगावच्या बाजारात सगळ्यांचे क्रेट एकाच दिवशी उतरतात आणि ज्या भावासाठी घाई केली तोच बसतो. लांबच्या बाजाराला पाठवायचा टोमॅटो खालून गुलाबी छटा दिसू लागली की तोडा, वाटेत रंग धरतो. हातविक्रीचा माल अर्धा लाल ते लाल चालतो.

भेंडीचेही तेच. ती एक दिवसाआड तोडावी लागते. ‘आज फवारा, उद्या तोडा’ म्हणणाऱ्याकडे डबा मागा आणि फवारणीनंतर किती दिवस तोडायचे नाही हे त्यावर वाचा. तितके दिवस थांबता येणार नसेल तर ते औषध भेंडीच्या तोड्यात वापरूच नका. चकाकीसाठी आदल्या संध्याकाळी टॉनिक मारणे म्हणजे पैशाचे पाणी. बाजारातली बाई भेंडीचे टोक मोडून बघते. कट्कन मोडले तर घेते, वाकले तर पुढच्या पालावर जाते. हे टॉनिकने साधत नाही, वेळेवर तोडल्याने साधते.

आता उचल. बी-औषध उधारीवर देणारा आणि माल अमुक गाळ्यावरच टाका म्हणणारा यांचे बहुतेक आधीच ठरलेले असते. उचल घेतली की भाव विचारायचा हक्क गेला. पुढच्या हंगामाला सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज काढा. चालू उचल फिटेपर्यंत किती माल त्याच्याकडे आणि किती बाहेर, हे तोंडावर बोलून घ्या. चोरून दुसऱ्या गाळ्यावर टाकलेला माल लपत नाही.

पट्टी, म्हणजे आडत्याने दिलेला विक्रीचा हिशेब, वाचायला शिका. 2016 पासून फळे-भाजीपाल्याची आडत (आडत्याचे कमिशन) खरेदीदाराने द्यायची आहे, शेतकऱ्याने नाही. तरी ती ‘सूट’, ‘कटती’, ‘नमुना’ अशा नावांनी तुमच्याच रकमेतून निघते. हमाली, तोलाई, गाडीभाडे समजू शकते; बाकी प्रत्येक ओळ कशाची ते विचारा. कच्च्या चिठ्ठीवर माल सोडू नका. 20 किलोच्या क्रेटमध्ये 20 किलोच भरा. वर चढवलेली रास दबते, खालची फळे फुटतात आणि जादा दोन किलोंचे पैसे कोणी देत नाही.

त्याच वर्षी भाजीपाला बाजार समितीच्या बाहेर विकायलाही मोकळीक मिळाली. शहरात पणन मंडळाचे संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजार भरतात. तिथे शेतकरी गट आणि कंपन्यांमार्फत जाता येते. पण नुसता टोमॅटो घेऊन गेलात तर दुपारी निम्मा परत आणाल. गिऱ्हाइकाला एका पालावर सात-आठ भाज्या हव्या असतात. म्हणून माझे सांगणे कायम एकच : वीस गुंठे एका दमात एका पिकाला देऊ नका. दहा गुंठे टोमॅटो बास. कोथिंबीर आणि मेथी आठ-आठ दिवसांच्या अंतराने वाफ्या-वाफ्याने टाका, भेंडीचे दोन टप्पे करा. पितृपक्षात गवार, कारली, भोपळा, अळूला मागणी असते. गवार साधारण दीड महिन्यात तोड्यावर येते, तेव्हा तिथून मागे मोजून टोका. नाहीतर सगळे गाव पितृपक्ष लागल्यावर बी विचारत दुकानात जाते आणि दुकानदार आनंदाने देतो! सगळ्या भाज्या एकट्याने पिकवायचीही गरज नाही. शेजारच्या चार-पाच जणांनी पिके वाटून घ्या आणि एकच गाडी करा. प्रतवारी शेतातच सावलीत करा, किडका नग बाजारात नेऊ नका. हॉटेलवाल्यांना माल द्या, पण उधारी एका आठवड्याच्या वर जाऊ देऊ नका.

उरलेल्या मालासाठी विटांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधा. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर जागा, त्यात वाळू; सकाळ-संध्याकाळ पाणी, वर ओले गोणपाट. कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालतो, पावसाळ्यात फारसा उपयोग नाही. कांदा त्यात ठेवू नका.

योजना : पॅकहाऊसला (माल निवडून भरायच्या शेडला) एकात्मिक फलोत्पादन अभियानातून 50 टक्के अनुदान, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. शेतकरी उत्पादक कंपनी काढायची तर किमान दहा शेतकरी लागतात. पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय पॅकहाऊसचे बांधकाम सुरू करू नका. कागदपत्रांची यादी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) मिळेल. ती दुकानदाराला विचारू नका, तो फाइल करून देण्याचे पैसे घेतो.