सासऱ्यांचा पैलवान आणि मुलीची फिजिओथेरपी

प्रश्न : मुलीला बारावीनंतर फिजिओथेरपीला जायचंय. सासरे म्हणतात, "चार-पाच वर्षं फी भरून मालिशच शिकायची, तर तालमीतला पैलवान काय वाईट?" ताई, हा व्यवसाय खरंच मालिशीतून आला का? त्यांना काय सांगू?
— एक वाचक, कराड

उत्तर : सासऱ्यांचं निम्मं बरोबर आहे, आणि ते मोकळेपणी मान्य करा. 1894 साली लंडनमध्ये ल्युसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर या चार परिचारिकांनी संस्था काढली, तिचं नावच मुळी 'सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूजेस', म्हणजे मालिश शिकलेल्या बायकांची संस्था. त्याच वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने ओरड केली होती, की मसाजच्या पाटीमागे शहरात भलतेच धंदे चालतात. नीट काम करणाऱ्या बायकाही त्यात नाहक बदनाम होत होत्या. म्हणून या चौघींनी परीक्षा ठेवली आणि नियम घातले: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मसाज करायचा नाही, वैद्यकीय नियतकालिकांखेरीज कुठे जाहिरात द्यायची नाही. पुरुष रुग्णांच्या बाबतीत तर आणखीच कडक! आमच्या पिढीला हे वाचून हसू यायचं. पण या व्यवसायाला अब्रू मिळाली ती अशा नियमांमुळेच. 1920 मध्ये संस्थेला राजसनद मिळाली, आणि 1944 पासून तिच्या नावात 'फिजिओथेरपी' आली.

व्यायामाची बाजू त्याहून जुनी. स्टॉकहोममध्ये 1813 साली पेर हेन्रिक लिंग यांनी संस्था सुरू केली. हे गृहस्थ तलवारबाजी शिकवायचे! पुढे पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे इंग्लंड-अमेरिकेत हे काम एकदम वाढलं.

आपल्याकडे मात्र कारण ठरला पोलिओ. 1952 मध्ये मुंबईत मोठी साथ आली आणि पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. फातमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला होता. तिच्यासाठी धडपडताना त्यांनी मुंबईत मुलांसाठी जे केंद्र काढलं, हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेचं मूळ त्यातच. 1955 मध्ये देशभरच्या फिजिओथेरपिस्टांची संघटनाही झाली.

आता सासऱ्यांच्या उरलेल्या निम्म्याकडे येऊ. पोलिओचं मूल समोर आलं की आम्ही आधी एकेक स्नायू तपासायचो आणि शून्य ते पाच असे गुण द्यायचो. मांडीचा पुढचा स्नायू घ्या. बसलेल्या मुलाला पाय उचलून गुडघा सरळ करता आला, तर तीन. नाही आला, तर त्याला कुशीवर निजवायचं, वरचा पाय पावडर शिंपडलेल्या गुळगुळीत फळीवर ठेवायचा आणि म्हणायचं, "सरळ कर बाळा." पायाचं वजन फळीने पेललेलं असतं. तिथे पाय सरकला तर दोन. नुसती हाताला थरथर लागली तर एक. या एकेका गुणाच्या फरकावर पुढचा व्यायाम ठरायचा, आणि दोनवाल्याला तीनवाल्याचा व्यायाम दिला तर मूल रडायचं, स्नायू दमायचा, हाती काही लागायचं नाही. पैलवानाचा हात चांगला असेल, थकलेल्या अंगाला आराम पडतोही. पण हे तपासणं त्याचं काम नव्हे.

पोलिओ आपल्याकडून गेला. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. तपासायची रीत मात्र राहिली. आता तिचा उपयोग पक्षाघात, अपघात, बदललेला गुडघा, आयसीयूतला रुग्ण यांच्यासाठी होतो. 2021 पासून या व्यवसायासाठी केंद्राचा कायदाही आहे. मुलीसाठी कॉलेज बघताना इमारत बघू नका. स्वतःचं हॉस्पिटल आहे का, ओपीडीत रोज पेशंट येतात का, एवढं विचारा. जमल्यास सासऱ्यांनाही न्या.

प्रश्न : आईचा खांदा आखडलाय. फिजिओथेरपीला नेतो, तर तिथे नुसता शेक देतात, मशीन लावतात आणि घरी पाठवतात. एवढंच असतं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. शेकाने दुखणं थोडं उतरतं, आणि तेवढ्यात हात हलवून घ्यायचा असतो. तोच भाग गाळला, तर पैसे गेले. हात किती वर जातो ते पहिल्या दिवशी मोजून लिहिलंय का, ते विचारा. लिहिलं नसेल तर दुसरीकडे दाखवा.