धुऱ्यावरचा साग घरच्या टेबल सॉवर चिरता येतो का?

प्रश्न : माझं गाव आरमोरी तालुक्यात, जंगलाला लागून. आमचं पिढीजात सुतारकाम. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये 5 एचपीचं मोठं टेबल सॉ, म्हणजे टेबलात गोल पातं बसवलेलं लाकूड कापायचं मशीन, बसवायचं आहे. वडशाला जुनं मिळतंय, अॅडव्हान्सही दिला. वनरक्षक म्हणतो, ही आरामशीनच झाली, परवाना नसेल तर उचलून नेऊ. माझ्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, साग उभा आहे. तोही घरीच चिरावा असं मनात आहे.

उत्तर : भाऊ, उरलेले पैसे आत्ताच देऊ नका. वनरक्षक बोलला त्यात तथ्य आहे, पण सगळं खरं नाही.

कायदा बघतो तो मशीनवर काय चढतं ते. गोल ओंडका चिरून त्याचे पाट काढले की ती आरागिरणी. मग ती तुमच्या अंगणात असो की बाजारात, तिला वन खात्याचा परवाना लागतो. परवाना नसलेल्या आरागिरण्यांवर सर्वोच्च न्यायालयाने जंगल वाचवण्याच्या गोदावर्मन प्रकरणात 1996 पासून कडक आदेश दिले, आणि 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनंतर नव्या परवान्याचा विचार राज्यस्तरीय समिती करते. जंगलाला लागलेल्या गावात तो मिळेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

परवानाधारक आरागिरणीतून चिरून आणलेल्या लाकडाच्या चौकटी, दारं, दिवाण बनवणं हे सुतारकाम, ते वेगळं. मात्र तिथेही पात्याचा व्यास पाहिला जातो. म्हणून मोठ्या पात्याचा मोह सोडा. चौकटीच्या कामाला 10 ते 12 इंचाचं पातं पुरतं. मशीन घेण्याआधी आरमोरीच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत वडसा वनविभागाच्या उपवनसंरक्षकांना अर्ज द्या. त्यात पात्याचा व्यास, मोटर किती एचपीची, लाकूड कुठून आणणार हे लिहा, आणि 'ओंडके चिरणार नाही' हेही स्पष्ट लिहा. पोचपावती घ्या. उत्तर लेखीच मागा, तोंडी होकारावर काम सुरू करू नका. विकणाऱ्याला मशीन आधी कुठे चालत होतं ते विचारा. बंद पाडलेल्या आरामशीनवरचं असेल तर घेऊच नका.

आता साग. वावर तुमचं, झाड तुमचं, तरी साग अनुसूचित वृक्ष, म्हणजे कायद्याच्या यादीतलं झाड आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 प्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका. तोडल्यावर वाहतूक परवाना, म्हणजे आपण टीपी म्हणतो तो, काढून ओंडके परवाना असलेल्या आरागिरणीत न्या आणि चिराईची पावती घ्या. तिथून आलेले पाट तुमच्या टेबलवर खुशाल घ्या. ओंडका घरी चिरला तर झाड कायदेशीर असूनही मशीन जाईल.

कागद जपायला मी एवढं सांगतोय त्याला कारण आहे. भारतीय वन अधिनियम, 1927 चं कलम 69 म्हणतं की वनोपज सरकारचंच आहे असं धरलं जाईल. ते तसं नाही, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. कोपऱ्यात पडलेल्या चार फळ्यांचंही बिल हवं. गिऱ्हाइकानं स्वतःचं लाकूड आणलं तर त्याच्या बिलाची प्रत ठेवून घ्या. गावात असं मागायला संकोच वाटतो, पण मागाच.

वन कर्मचारी आलेच तर अडवू नका, वाद घालू नका. पंचनाम्याची प्रत मागा, कोऱ्या कागदावर सही करू नका. गुन्ह्यात वापरलेली हत्यारं याच वन अधिनियमाच्या कलम 52 खाली जप्त होऊ शकतात, पण ती सरकारजमा करण्याआधी तुम्हाला नोटीस देऊन म्हणणं ऐकावं लागतं. आदेश विरोधात गेला तर सत्र न्यायालयात अपिलाला 30 दिवस मिळतात. त्यातला एकही दिवस वाया घालवू नका.

शेडसाठी ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. रात्री 10 ते सकाळी 6 मशीन बंद ठेवा.

विजेचं काम मात्र मशीन येण्याआधीच करा. घरगुती मीटरवर विक्रीचं फर्निचर केलं, किंवा शेतपंपाच्या लाइनवरून वायर ओढली, तर विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि वापर कधीपासून ते ठरवता आलं नाही तर मागच्या 12 महिन्यांची. महावितरणकडे वेगळ्या थ्री-फेज जोडणीचा अर्ज करा, वापर 'सुतारकाम' असाच लिहा.