कुत्र्यांचे फोटो आणि कंपनीची ऑर्डर : शूटची तारीख देण्याआधी

लग्नाच्या ऑर्डरी सोडून तुम्ही फक्त पाळीव कुत्र्यांचे फोटो काढायला लागलात, आता एका पेट फूड कंपनीला त्यांचं कॅलेंडर करायचंय, आणि कराराचं विचारलं की "आधी शूट उरकून घ्या, कागद नंतर बघू" असं उत्तर येतंय. तुमचा हा मेसेज वाचताना पोटात गोळा आला. हेच वाक्य मी महिनोन्महिने ऐकलंय, म्हणून सविस्तर लिहिते. (मी वकील नाही. मसुदा वकिलाला दाखवाच.)

लेन्स, उजेड, जमिनीवर पालथं पडून कुत्र्याच्या नजरेला नजर देणं हे तुम्हाला येतंच, फोटोंत दिसतंय. ते सोडून देते.

मला ऑर्डर देणारी कंपनीही अशीच होती, नाव घेत नाही. एका वर्षाचं कॅलेंडर, एवढंच ठरलं होतं. मी मसुदा पाठवला, तो "लीगलकडे" गेला आणि तिथेच पडून राहिला. शूट झालं, पैसेही आले. पुढच्या वर्षी दुकानात माझ्या फोटोतला तोच लॅब्राडोर बिस्किटांच्या पाकिटावर! मागची भिंत पुसून हिरवा रंग भरलेला, डाव्या कानाचं टोक कापलेलं, माझं नाव कुठेच नाही. मार्केटिंगवाले म्हणत लीगलशी बोला, लीगलवाले म्हणत मार्केटिंगशी. शेवटी एका ओळीचा मेल आला : पैसे दिलेत, फोटो आमचे.

आणि संताप याचा, की कायदा बराचसा त्यांच्याच बाजूने निघाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं : कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा. आपण नव्हे. सोसायटीतल्या काकूंनी पैसे देऊन त्यांच्या पगचा फोटो काढून घेतला, तरी हेच. तो प्रदर्शनात लावायचा बेत असेल तर आधीच लिहून घ्या. कलम ५७ प्रमाणे नावाचा हक्क मात्र काढणाऱ्याकडेच राहतो. त्याच्याच जोरावर मी पुढच्या छपाईत नाव घालून घेतलं. पैसा एकही वाढला नाही.

तुम्ही विल्यम वेगमनसारखं, म्हणजे स्वतःच्या कुत्र्यांच्या फोटोंसाठी गाजलेल्या त्या अमेरिकी कलाकारासारखं काम करायचं म्हणता. मग त्याचं एक नीट बघा. १९७० मध्ये त्याने वायमरानर जातीचा कुत्रा घरी आणला, त्याचं नाव मॅन रे. तो १९८२ मध्ये गेला, १९८६ मध्ये फे रे ही त्याच जातीची कुत्री आली. पोलरॉइडच्या २० बाय २४ इंची अवाढव्य कॅमेऱ्यावरचे ते गाजलेले फोटो या घरच्या कुत्र्यांचेच. त्या कॅमेऱ्यात निगेटिव्हवरून प्रती काढायची सोय नाही, प्रत्येक फोटो एकुलता एक. रोज सोबत राहणारा कुत्राच एवढा धीर धरतो. माझं मत, पटलं तर घ्या : ऑर्डरीवर घर चालवा, पण कलाकार म्हणून जे उभं करायचंय ते स्वतःच्या कुत्र्यावर आणि स्वतःच्या कल्पनेवर करा. तुमची ती गावठी कुत्री, जुन्या पैठणीच्या काठावर झोपलेली, मला सगळ्यात आवडली. ती सिरीज कुणालाही ऑर्डर म्हणून देऊ नका.

जाता जाता : काळा कुत्रा असेल तर कॅमेरा फसून फोटो उजळ करतो, एक्सपोजर थोडं उतरवा. आणि कुत्रा सारखा ओठ चाटतोय, जांभया देतोय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तर शूट तिथेच थांबवा. मालक कितीही म्हणाले "अजून एक" तरी.

कंपनीला आजच मेल टाका : कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील, वापर फक्त अमुक वर्षाच्या कॅलेंडरपुरता, प्रत्येक पानावर नाव, पाकीट-जाहिरात-वेबसाइटचे पैसे वेगळे. "मान्य" असं लेखी उत्तर आणि सही आल्याशिवाय तारीख देऊ नका. मसुदा हवा असेल तर मेसेज करा, माझा पाठवते.